डायलिसिसवर असताना दिवस राहिले तर? सगळं अडतं ते आठवड्याच्या तासांपाशी

समजा, तिशीतल्या एका बाईचं दोन वर्षांपासून डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी चार तास. पाळी कधी येते, कधी तीन-तीन महिने येत नाही. गेले काही आठवडे तिला मळमळतंय, थकवा वाढलाय, हिमोग्लोबिन उतरलंय. यातलं काहीच तिला नवीन नाही. डायलिसिसवरच्या अनेकांना हे होतच असतं. म्हणून ॲसिडिटीची गोळी मिळते, रक्तवाढीच्या इंजेक्शनचा डोस वाढतो. मग कधीतरी पोट जड वाटतं म्हणून सोनोग्राफी होते आणि कळतं की चौथा महिना संपत आलाय.

ही बाई काल्पनिक आहे, पण किडनीच्या डॉक्टरांना ही गोष्ट अनोळखी नाही. इथून पुढे घरात जे प्रश्न सुरू होतात, तेही ठरलेले असतात. मूल ठेवता येईल का? बाईच्या जिवाला धोका किती? बाळ नीट असेल का? आणि बऱ्याचदा पहिलं उत्तर एकाच शब्दात येतं: अशक्य.

चाळीस वर्षांपूर्वी हे उत्तर बरंचसं बरोबर होतं. आज ते अपुरं आहे. पण 'आता सगळं शक्य आहे' असं सांगणारे व्हिडिओही तितकेच अपुरे आहेत. खरं उत्तर बऱ्याच अंशी एका आकड्यावर ठरतं. तो आकडा म्हणजे आठवड्यातून किती तास डायलिसिस होऊ शकतं.

मुळात दिवस राहतात का?

राहतात, पण क्वचित. किडन्या निकामी झाल्या की शरीरातल्या हार्मोन्सची घडी विस्कटते. प्रोलॅक्टिन वाढतं, बीजांडं वेळेवर तयार होत नाहीत, पाळी अनियमित होते किंवा थांबते. अमेरिकेतल्या नोंदींवर आधारित एक अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. त्यात डायलिसिसवरच्या, मूल होण्याच्या वयातल्या 6,230 स्त्रियांची माहिती होती. चार वर्षांत त्यातल्या साधारण 2 टक्के स्त्रियांना दिवस राहिले.

2 टक्के म्हणजे कमी, पण शून्य नव्हे. इथेच गफलत होते. 'पाळीच येत नाही, म्हणजे दिवस राहणारच नाहीत' असं अनेक जोडपी धरून चालतात. पाळी न येताही एखाद्या महिन्यात बीजांड तयार होऊ शकतं. शिवाय डायलिसिस जितकं चांगलं आणि जास्त, तितकी पाळी पूर्ववत होण्याची शक्यता वाढते. डायलिसिस युनिटमध्ये पोटॅशियम, फॉस्फरस, पाणी यांवर दर आठवड्याला बोलणं होतं. गर्भनिरोधनावर मात सहसा कोणी बोलत नाही. पेशंट तरुण बाई असेल तर हे बोलणं पहिल्याच महिन्यात व्हायला हवं. मूल नको असेल तर एस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्या बीपी जास्त असलेल्या बाईला चालत नाहीत, आणि तांबीमुळे रक्तस्राव वाढला तर आधीच कमी असलेलं हिमोग्लोबिन आणखी उतरतं. त्यामुळे पर्याय स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलूनच ठरवावा लागतो.

कळायला उशीर का होतो?

मळमळ, थकवा, पाळी चुकणं ही गरोदरपणाची लक्षणं आहेत आणि किडनी निकामी झाल्याचीही. काही जणींना लघवीच होत नाही, त्यामुळे मेडिकलमधून आणलेलं किट कामाचं नाही. रक्ताची तपासणीही फसवू शकते. गरोदरपण ओळखायला ज्या बीटा-एचसीजी हार्मोनची तपासणी करतात, त्याचा काही भाग एरवी किडनीवाटे बाहेर जातो. किडनी बंद असल्यावर तो रक्तात साठतो. म्हणून गर्भ नसतानाही तपासणी किंचित पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि गर्भ असेल तर आकड्यावरून महिना ठरवणं चुकू शकतं. खात्री होते ती सोनोग्राफीने. याच हार्मोनवर आधारलेल्या डबल मार्करसारख्या तपासण्यांचे निकालही उगाच घाबरवणारे येऊ शकतात. रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरला पेशंट डायलिसिसवर आहे हे माहीत असलं पाहिजे.

डायलिसिसवरच्या बाईचं हिमोग्लोबिन काही कारण नसताना अचानक उतरायला लागलं आणि इंजेक्शनचा डोस पुरेनासा झाला, तर एकदा गरोदरपणाची शंका घ्यावी, असं जाणकार डॉक्टर सांगतात.

168 तासांचा हिशेब

आठवड्यात 168 तास असतात. चांगल्या किडन्या सगळे 168 तास रक्त गाळतात. डायलिसिसचं मशीन आठवड्यातून तीनदा चार-चार तास लावलं तर ते होतात 12. दोनदा लावलं तर 8. एवढ्यावर माणूस जगतो, कामाला जातो. पण दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत रक्तात युरिया आणि पाणी साठत राहतं.

गरोदरपणात चांगल्या किडन्याही आपलं काम वाढवतात. रक्त गाळण्याचा वेग साधारण दीडपट होतो. त्यामुळे निरोगी गरोदर बाईचं क्रिएटिनिन एरवीपेक्षा खाली येतं, बऱ्याच जणींचं 0.5-0.6 पर्यंत. शरीर हे उगाच करत नाही. बाळाचा कचराही आईच्याच रक्तात येतो आणि तो तिथूनच बाहेर जायचा असतो. म्हणजे निसर्ग ज्या काळात 168 तासांचं काम दीडपटीने करतो, त्याच काळात ही बाई 8 किंवा 12 तासांवर आहे.

आता यात बाळाचं काय होतं ते बघा. वारेतून युरिया आरपार जातो, त्यामुळे आईच्या रक्तात जितका युरिया, तितकाच बाळाच्या रक्तात. पण बाळाच्या किडन्या चांगल्या असतात. त्या हा जादा युरिया बाहेर टाकायला लागतात आणि युरिया सोबत पाणी ओढून नेतो. बाळ खूप लघवी करतं. गर्भजल बहुतांशी बाळाच्या लघवीचंच बनलेलं असतं, म्हणून ते प्रमाणाबाहेर वाढतं. गर्भाशय वेळेआधीच ताणलं जातं, कळा लवकर सुरू होतात आणि बाळ सातव्या महिन्यात, कधी त्याही आधी जन्माला येतं. सोनोग्राफीत 'पाणी जास्त आहे' असं आलं, तर किडनीचे डॉक्टर आधी डायलिसिसचे तास वाढवायचा विचार करतात, तो यामुळे.

डायलिसिसमुळे बाळाच्या अवयवांत व्यंग येतं का, हा प्रश्न नातेवाईक आधी विचारतात. मोठा धोका तो नाही. मोठे धोके आहेत गर्भ न टिकणं, वेळेआधी जन्म आणि खूप कमी वजन.

तास वाढवले तेव्हा काय झालं?

डायलिसिसवरच्या बाईचं बाळंतपण यशस्वी झाल्याची पहिली नोंद इटलीतली, 1971 सालची. त्या काळी ते आश्चर्यच होतं. 1980 साली युरोपातल्या नोंदी एकत्र करून बघितल्या, तेव्हा मुद्दाम गर्भपात केलेली प्रकरणं वगळूनही फक्त 23 टक्के गरोदरपणांत जिवंत मूल हाती आलं होतं. वर उल्लेख केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, डायलिसिस सुरू झाल्यानंतर दिवस राहिलेल्या स्त्रियांची साधारण 40 टक्के बाळं वाचली. ज्यांना आधी दिवस राहिले आणि गरोदरपणात डायलिसिस सुरू करावं लागलं, त्यांच्यात हा आकडा 73 टक्क्यांच्या पुढे होता. कारण त्यांच्या किडन्या अजून थोडंफार काम करत होत्या. तेवढं थोडंफारही फार मोलाचं ठरतं.

चित्र पालटलं ते कॅनडातल्या टोरांटोमुळे. तिथे 1990 च्या दशकात घरी रात्रभर डायलिसिस करण्याची पद्धत रुजली. पेशंट झोपलेला असताना सहा ते आठ तास मशीन सावकाश चालतं, आठवड्यातल्या बहुतेक रात्री. या पद्धतीवरच्या काही स्त्रियांची पाळी पूर्ववत झाली, दिवस राहिले आणि गरोदरपण चांगलं पार पडलं. डॉ. मिशेल ह्लाडुनेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली टोरांटोतली 22 गरोदरपणं आणि अमेरिकेतल्या नोंदींमधली 70 गरोदरपणं यांची तुलना छापली. टोरांटोत सरासरी आठवड्याला 43 तास डायलिसिस होत होतं. तिथे 86 टक्के गरोदरपणांत जिवंत मूल जन्मलं, अमेरिकेत 61 टक्के. टोरांटोतली निम्मी बाळं 36 आठवडे किंवा त्याहून जास्त पोटात राहिली. अमेरिकेत हा मधला आकडा 27 आठवडे होता. 27 आठवड्यांचं बाळ म्हणजे काचेच्या पेटीतले महिने. 36 आठवड्यांचं बाळ काही दिवसांत घरी जाऊ शकतं.

दोन्ही देशांचे आकडे तासांप्रमाणे मांडले तेव्हा गोष्ट आणखी स्पष्ट झाली. आठवड्याला 20 तास किंवा कमी डायलिसिस होणाऱ्यांत 48 टक्के जिवंत जन्म, 36 तासांपेक्षा जास्त होणाऱ्यांत 85 टक्के. संख्या लहान आहे, दोन देशांच्या सोयीसुविधाही वेगळ्या आहेत, हे लक्षात ठेवायला हवं. पण दिशा स्पष्ट दिसते.

मग 36 तास जमत नसतील तर संपलं का? नाही. मला टोरांटोपेक्षा ब्राझीलचं उदाहरण आपल्या जास्त कामाचं वाटतं. साओ पाउलोमधल्या डॉक्टरांनी 2010 साली 52 गरोदरपणांचा अनुभव मांडला. तिथे घरचं रात्रीचं मशीन नव्हतं. दवाखान्यातच, पण जवळपास रोज डायलिसिस केलं जात होतं. 87 टक्के गरोदरपणांत बाळ वाचलं. बाळं टोरांटोपेक्षा लवकर आणि लहान जन्मत होती, पण जगत होती. रोज थोडं थोडं केल्याने दोन डायलिसिसमधली साठवण कमी होते आणि एका बैठकीत फार पाणी काढावं लागत नाही.

रिपोर्टवर युरिया आहे की बीयूएन?

डायलिसिस पुरतंय का हे कळायला डॉक्टर डायलिसिसच्या आधीचा युरिया बघतात. जपानमधल्या 2009 च्या एका अभ्यासात दिसलं की हा आकडा जितका कमी, तितकं बाळाचं वजन जास्त आणि जन्म उशिरा. बीयूएन 50 च्या खाली ठेवायचं, हा आडाखा वापरात आहे. ब्रिटनमधली 2019 ची मार्गदर्शक सूचना आणखी कडक आहे. तिथला आकडा वेगळ्या मापात आहे, पण आपल्या मापात बदलला तर बीयूएन सुमारे 35 होतो.

इथे एक साधी चूक महागात पडू शकते. आपल्याकडच्या काही लॅब 'ब्लड युरिया' लिहितात, काही 'बीयूएन'. दोन्ही मिलिग्रॅममध्येच असतात, पण एकच नव्हेत. युरियाचा आकडा बीयूएनच्या दुपटीहून थोडा जास्त असतो. म्हणजे बीयूएन 50 म्हणजे युरिया साधारण 107. रिपोर्टवर 'युरिया 90' बघून घाबरायचं की 'बीयूएन 90' बघून, यात फार फरक आहे. व्हॉट्सॲपवर दुसऱ्या पेशंटच्या आकड्याशी तुलना करण्याआधी वरचं नाव वाचा.

मशीनवर काय काय बदलतं?

तास वाढवणं हा पाया. त्यावर बऱ्याच बारीक गोष्टी येतात. रोज डायलिसिस झालं की पोटॅशियम आणि फॉस्फरस गरजेपेक्षा जास्त निघून जाऊ शकतात, म्हणून मशीनच्या पाण्यात पोटॅशियम वाढवतात, कधी फॉस्फरस घालावा लागतो. गरोदर बाईच्या रक्तात बायकार्बोनेट मुळातच कमी असतं, म्हणून तेही मशीनवर कमी ठेवतात. रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं हेपॅरिन वारेतून बाळापर्यंत जात नाही, त्यामुळे ते चालतं.

सगळ्यात अवघड आहे ते ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं खरं वजन. एरवी हा आकडा महिनोन्‌महिने तोच असतो. गरोदरपणात बाळ, वार, गर्भजल, रक्त सगळंच वाढतं. पहिल्या तीन महिन्यांत किलो-दीड किलो आणि नंतर आठवड्याला साधारण 300 ते 500 ग्रॅम वजन वाढणं अपेक्षित आहे. जुन्याच ड्राय वेटवर पाणी काढत राहिलं तर बाईचं बीपी कोसळतं आणि वारेचा रक्तपुरवठा कमी होतो. आकडा जास्तच वाढवला तर पाणी अंगात राहून बीपी चढतं, दम लागतो. म्हणून दर आठवड्याला पाय, बीपी, छाती आणि बाळाची वाढ बघून तो नव्याने ठरवावा लागतो. शेवटच्या महिन्यांत डायलिसिस चालू असताना बाईने डाव्या कुशीवर झोपणं बरं.

पोटाचं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी चालू असेल तरी गरोदरपण अशक्य नाही. पण वाढत्या गर्भाशयामुळे पोटात कमी पाणी मावतं. मग थोडं थोडं पाणी जास्त वेळा बदलावं लागतं, आणि काही जणींना रक्ताच्या डायलिसिसची जोड द्यावी लागते.

शहाळं, केळं आणि डोहाळे

डायलिसिसवरच्या पेशंटला जे 'खाऊ नका' म्हणून सांगितलेलं असतं, त्यातलं बरंच काही रोजचं डायलिसिस सुरू झाल्यावर 'खा' होतं. बाळ वाढायला प्रथिनं लागतात आणि डायलिसिसमध्येही ती वाया जातात. म्हणून वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण दीड ते 1.8 ग्रॅम प्रथिनं सांगितली जातात. 50 किलोच्या बाईला हे 75 ते 90 ग्रॅम होतात. वरणभाताच्या जेवणातून एवढी भरणं कठीणच. अंडी, दूध, पनीर, मासे, चिकन यांची जोड लागते. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं मशीनवाटे निघून जातात, म्हणून फॉलिक ॲसिड नेहमीपेक्षा जास्त, बहुधा रोज 5 मिलिग्रॅम देतात.

पण क्रम लक्षात घ्या. आधी डायलिसिस वाढतं, रक्त तपासलं जातं आणि मग पथ्य सैल होतं. आठवड्यातून दोनच वेळा डायलिसिस होणाऱ्या बाईला 'पोटुशी आहेस, शहाळ्याचं पाणी पी, बाळ गोरं होईल' म्हणून कोणी प्रेमाने शहाळं दिलं, तर त्यातल्या पोटॅशियममुळे तिच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात, जीवही जाऊ शकतो. बाळाच्या रंगाचा शहाळ्याशी काही संबंध नाही, हे वेगळं सांगायला नको. डोहाळजेवण जरूर करा, ताटात काय वाढायचं ते आहारतज्ज्ञांना विचारून करा.

बीपी आणि औषधं

डायलिसिसवरचे बरेच जण बीपीसाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांपैकी काहीतरी घेत असतात. ही औषधं बाळाच्या किडन्यांना इजा करतात. दिवस राहिल्याचं कळताक्षणी डॉक्टरांना फोन करून ती बदलून घ्यायची. स्वतःहून सगळ्याच गोळ्या बंद करायच्या नाहीत. त्यांच्या जागी लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा ही औषधं अनेक वर्षांपासून गरोदरपणात वापरली जातात. वॉरफेरीन चालू असेल तर तेही बदलावं लागतं.

गरोदरपणात बीपी चढून आई आणि बाळ दोघांना धोका होतो, त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. डायलिसिसवरच्या बाईला हा धोका जास्त. एरवी तो लघवीतल्या प्रथिनांवरून ओळखतात, पण हिला लघवीच नसते किंवा त्यात आधीपासूनच प्रथिनं असतात. म्हणून बीपीची दिशा, बाळाची वाढ आणि वारेच्या रक्तप्रवाहाची डॉपलर सोनोग्राफी यांवर भिस्त ठेवावी लागते. हा धोका कमी करायला कमी डोसची ॲस्पिरिन चौथा महिना संपायच्या आत सुरू करतात. उशिरा कळण्याचं एक नुकसान हेही.

हिमोग्लोबिन 10 ते 11 च्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो. त्यासाठी एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन कधी दुपटीपर्यंत वाढवावं लागतं. ते बाळापर्यंत पोहोचत नाही. रक्त चढवणं शक्यतो टाळतात. त्याचं कारण पुढे येईलच.

आपल्याकडे तास आणायचे कुठून?

आपल्याकडे आठवड्यातून दोनदाच डायलिसिस करणारे खूप पेशंट आहेत. कोणी पैशांमुळे, कोणी अंतरामुळे, कोणी मशीनवर जागा नाही म्हणून. म्हणजे महिन्याला आठ-नऊ वेळा. आठवड्यातून सहादा करायचं तर महिन्याला चोवीस-पंचवीस वेळा. तिप्पट. तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी एसटीने येणाऱ्या बाईसाठी ही तिप्पट भाडं, तिप्पट बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचे तिप्पट दिवस आहेत.

केंद्र सरकारने 2016 साली प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. त्यात जिल्हा रुग्णालयांत गरीब पेशंटना मोफत डायलिसिस मिळतं. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही डायलिसिस होतं. प्रश्न मोफत आहे का एवढाच नाही, किती वेळा मोफत आहे हा आहे. दिवस राहिल्याचं कळलं की रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आणि समाजसेवा अधीक्षकांना थेट विचारा: योजनेत महिन्याला किती वेळा बसतं, गरोदरपणासाठी वाढवता येतं का, आणि कोणत्या रुग्णालयात एकाच छताखाली डायलिसिस, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एनआयसीयू आहे. शेवटचा मुद्दा पैशांइतकाच महत्त्वाचा आहे. वेळेआधी जन्मलेल्या किलोभराच्या बाळाला घेऊन रात्री ॲम्ब्युलन्समध्ये दुसरं शहर गाठणं, ही तयारी नसल्याची किंमत असते.

युनिटमध्येही थोडं हलवता येतं. दिवसभराच्या शिफ्ट भरलेल्या असतील तर रात्रीची शिफ्ट, रविवारी एक जादा बैठक, नेहमीच्या चार तासांचे पाच तास. आठवड्याला 8 वरून 20 तास झाले तरी ती मोठी उडी आहे. बाईला थोडीफार लघवी होत असेल, तर तिला लागणारे तास कमीही असू शकतात. तेव्हा टोरांटोचा आकडा ऐकून हात टेकण्याआधी आपला युरिया किती येतोय ते बघावं.

ठेवायचं की नाही?

हा निर्णय सासरचा, माहेरचा किंवा डॉक्टरांचा नाही. आपल्याकडे दोन्ही बाजूंनी जोर लागतो. 'एक तरी मूल हवंच' म्हणणारे असतात आणि 'तुझंच धड नाही, तुला कशाला हवंय' म्हणणारेही. 1971 चा गर्भपात कायदा आणि त्यात 2021 साली झालेला बदल यांनुसार 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, आणि ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने. बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल तर आठवड्यांची ही मर्यादा आड येत नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही.

निर्णय घेताना एक गोष्ट अनेकदा सांगायची राहून जाते. पुढे किडनी ट्रान्सप्लांट करायचं असेल, तर गरोदरपणाचा त्याच्यावर परिणाम होऊ शकतो. बाळात अर्धा वारसा वडिलांचा असतो. आईचं शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं. उद्या नवराच किडनी द्यायला तयार झाला, तर याच अँटिबॉडीमुळे त्याची किडनी तिला चालणार नाही असं होऊ शकतं. रक्त चढवल्यानेही अशाच अँटिबॉडी वाढतात, म्हणून ते टाळायचं.

आधी ट्रान्सप्लांट, मग मूल?

ज्यांना अजून दिवस राहिलेले नाहीत आणि किडनी मिळण्याची खरोखर शक्यता आहे, त्यांना बहुतेक डॉक्टर हाच क्रम सुचवतात. ट्रान्सप्लांटनंतर काही महिन्यांतच पाळी सुरळीत होते. जगातलं असं पहिलं बाळंतपण 1958 सालचं. एडिथ हेल्म या अमेरिकन तरुणीला 1956 मध्ये तिच्या जुळ्या बहिणीने किडनी दिली होती. 2011 साली जगभरातले अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा ट्रान्सप्लांट झालेल्या स्त्रियांच्या सुमारे 73 टक्के गरोदरपणांत जिवंत मूल जन्मलं होतं. मात्र किमान एक वर्ष थांबायचं, किडनी स्थिर आहे याची खात्री करायची, आणि मायकोफिनोलेट हे औषध दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी बदलून घ्यायचं, कारण त्याने बाळात व्यंग येऊ शकतं.

पण किडनी मिळणं हाच आपल्याकडचा मोठा अडथळा आहे, आणि बायकांसाठी तो जास्त मोठा. घरातल्या कोणाला किडनी हवी असेल तर द्यायला बहुतेक वेळा आई, बहीण किंवा बायको पुढे येते. बाईलाच हवी असेल तेव्हा देणारे कमी सापडतात. पस्तिशी ओलांडलेल्या, किडनीसाठी यादीत नाव घालून बसलेल्या बाईला 'ट्रान्सप्लांटनंतर बघू' म्हणणं कधी कधी 'नाहीच' म्हणण्यासारखं असतं. तिने डायलिसिसवर असतानाच मूल होऊ द्यायचं ठरवलं, तर त्याला वेडेपणा म्हणू नये. फक्त ते आधी ठरवून, औषधं बदलून आणि तास वाढवून झालं, तर चौथ्या महिन्यात धक्का बसण्यापेक्षा पुष्कळ बरं.

बाळ झाल्यावर

सगळं सुरळीत चाललं तर 37 आठवड्यांच्या आसपास बाळंतपणाची तारीख ठरवतात. डायलिसिस चालू आहे एवढ्याच कारणासाठी सिझेरियन करावं लागत नाही. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत बाळ भरपूर लघवी करतं, कारण आईचा युरिया त्याच्या रक्तात असतो. त्यात पाणी आणि क्षार कमी पडू नयेत म्हणून बाळावर लक्ष ठेवावं लागतं. औषधं तपासून घेतली तर अंगावर पाजता येतं.

आईचं ड्राय वेट पुन्हा खाली आणावं लागतं, तेही लवकर, नाहीतर अंगात पाणी राहून बाळंतिणीला दम लागतो. मग डायलिसिस जुन्या वेळापत्रकावर येतं. आठवड्यातून तीनदा घरातून निघणं, चार तास मशीन, परतताना गळून गेलेलं अंग. त्या सहा-सात तासांत तान्ह्या बाळाजवळ कोण बसणार, हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवावं.